ट्रंकेतील टपाल

गेल्या मार्गशीर्षात आमचा सातारचा वाडा रिकामा करण्याचा प्रसंग आला. पश्चिमेकडील भिंतीला पोट आलेले, माडीचे वासे कुजलेले, आणि भावाभावांत सलोखा असला तरी बिऱ्हाडे चार गावांना पांगलेली. तेव्हा वाडा पाडून तेथे नवी इमारत उभी करावी असे सर्वानुमते ठरले. भांड्याकुंड्यांची वाटणी विनातक्रार झाली. देव थोरल्या घरी गेले. राहिल्या त्या माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका. त्या मात्र कोणासच नको होत्या, कारण त्यांत निव्वळ कागद होते: पत्रे, कार्डे, लखोटे, मनिऑर्डरीच्या पावत्या, लग्नपत्रिका. पुष्कळशी पत्रे तारेला टोचलेली तशीच होती, गंजाने भोके मोठी होऊन एकमेकांस चिकटलेली. रद्दीवाल्याने ट्रंका काट्यावर चढविल्या आणि अठ्ठावीस किलो वजन सांगितले. त्या घटकेस आमची जुनी खोड जागी झाली नसती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

खोड म्हणजे तिकिटे जमविण्याची. ती आम्हांस वयाच्या नवव्या वर्षी लागली, संसाराच्या धबडग्यात सुटली, आणि नोकरीतून मोकळे झाल्यावर पुन्हा जडली. आमच्या परिचितांत ह्या छंदाविषयी दोन मते प्रचलित आहेत. कोणी म्हणतात हा शाळकरी पोरांचा उद्योग आहे; कोणी म्हणतात हा राजेरजवाड्यांचा आहे. दोन्ही मतांना आधार नाही असे नाही. इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज ह्याला तिकिटांचे वेड होते हे प्रसिद्धच आहे. आणि ब्रिटिश गियानाचे एक सेंटचे एकुलते एक तिकीट २०२१ साली ८३ लाख डॉलरांस विकले गेले. अशी वार्ता वर्तमानपत्रात आली की आमच्याकडे आठ दिवसांत निदान दोन गृहस्थ तरी जुने आल्बम घेऊन येतात आणि 'ह्याचे किती येतील?' असे विचारतात. त्यांची निराशा करण्याचे अप्रिय काम आमच्याकडे येते.

कारण जुने ते मोलाचे ही समजूतच मुळी खोटी आहे. जगातील पहिले डकवावयाचे तिकीट म्हणजे इंग्लंडचे काळे एक पेनीचे. ते ६ मे १८४० पासून चालू झाले. परंतु ते छापले गेले सुमारे ६ कोटी ८० लाख, आणि बऱ्यापैकी संख्येने टिकलेही. म्हणून आज ते दुर्मिळांत मोडत नाही. उलट स्वतंत्र हिंदुस्थानने १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची जी चार तिकिटे काढली, त्यांपैकी दहा रुपयांच्या तिकिटावर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' अशी अक्षरे उठविलेल्या प्रती अवघ्या शंभर होत्या. ह्या प्रतीपुढे १८४० सालचे ते वृद्ध तिकीट अगदी स्वस्त. तेव्हा तिकिटाचे वय विचारू नये, त्याची भावंडे किती उरली ते विचारावे.

आपल्या देशापुरते बोलायचे तर आरंभ सिंधपासून होतो. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर ह्याने १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याचे तिकीट चालू केले. आशियातील हे पहिलेच. त्यातला लाल लाखेचा प्रकार इतका ठिसूळ निघाला की तो हाताळतानाच तुटे. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध कंपनी सरकारच्या मुलखात एकच तिकीट चालू झाले, आणि ह्या दिवसाचे महत्त्व आमच्या मते पुष्कळ रेल्वेमार्गांहून अधिक आहे. त्यापूर्वी पत्राचा दर अंतरावर असे. पुण्याहून काशीस पत्र धाडणे हा सामान्य माणसाच्या आवाक्यातला व्यवहार नव्हता. सावकारांचे कासीद आणि यात्रेकरूंची ओळख हाच गरिबांचा आधार. आता पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात कोठेही जाऊ लागले. पाव तोळा म्हणजे आजचे जेमतेम तीन ग्रॅम! म्हणून त्या काळची पत्रे पातळ कागदावर, समास न सोडता, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत लिहिलेली आढळतात. ती वाचताना डोळे दुखले तर दोष अक्षराला देऊ नये, वजनाला द्यावा.

हे १८५२ किंवा १८५४ चे नग चांगल्या स्थितीत मिळवावे असे ज्याच्या मनात आहे त्याने हा लेख येथेच खाली ठेवावा. आम्ही दरमहा दोनशे रुपयांवर ह्या छंदापायी खर्च करीत नाही, आणि सदर रकमेत घरच्या मंडळींच्या मते शंभर अधिक आहेत.

अशा बेताच्या खिशाच्या माणसाने सुट्या तिकिटाच्या मागे लागू नये, पत्राच्या मागे लागावे. तिकीट, त्यावरील शिक्का, पत्ता, पाठीवरचे शिक्के, पोस्टमनने पेन्सिलीने केलेली टिपणे, असे जे जसे प्रवास करून आले तसे अख्खे पाकीट जपावे. सुटे तिकीट हे छापखान्यातून निघालेल्या लाखो भावंडांपैकी एक असते. त्याची किंमत व्यापारी सूची उघडून सांगतो. पाकिटासारखे दुसरे पाकीट मात्र नसते. त्याची किंमत ओळखण्यास माहिती लागते, आणि माहितीस पैसे पडत नाहीत, वेळ पडतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात बंद पडलेल्या पेढ्यांचा पत्रव्यवहार गठ्ठ्यांनी येतो. विकणाऱ्याची नजर तिकिटावर असते; आपली शिक्क्यावर असावी.

उदाहरण आमच्या ट्रंकेतलेच देतो. आमचे एक चुलत आजोबा महसूल खात्यात कारकून होते. १९३८ साली त्यांच्या नावाने साताऱ्याहून रत्नागिरीस एक पाकीट गेले. तिकीट सहाव्या जॉर्जचे, एक आण्याचे. बाजारात ते कोणी फुकटही घेणार नाही. परंतु पाकिटावरील रत्नागिरीचा पत्ता लाल शाईने खोडून तेथे कारवार लिहिले आहे, आणि कारवार खोडून धारवाड. पाठीवर शिक्के पाच, पुढे एक. शिक्क्यात कचेरीचे नाव आणि तारीख असते, पोहोचल्याचा शिक्का वेगळा असतो. त्यावरून कोणत्या तारखेस पाकीट कोठे होते ह्याचा माग बिनचूक काढता येतो. सरकारने तीन आठवड्यांत आजोबांची दोन वेळा बदली केली होती, आणि हे पाकीट त्यांच्या मागून तेरा दिवस फिरत राहिले. रत्नागिरी, कारवार, धारवाड ही तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होती. १९५६ साली राज्यांची फेररचना होऊन ती दोन राज्यांत गेली, हेही ह्या पाकिटावरून मुलांस सांगता येते. आत पुत्रजन्माची बातमी होती. बापाच्या हाती ती पडली तेव्हा बारसे होऊन गेलेले होते आणि मुलाचे नाव काय ठेवले हे कळावयास आणखी एक पत्र लागले. तेही ट्रंकेत आहे. आता ह्या पाकिटावरचे ते एक आण्याचे तिकीट कापून घेतले असते तर हाती काय राहिले असते?

असले कापण्याचे पाप आम्ही स्वतः केले आहे, म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहितो. १९४३ साली आमचे आजोबा येरवड्याच्या तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्या थोरल्या बंधूंस धाडलेले एक कार्ड ट्रंकेत मिळाले. पत्त्याच्या बाजूस तुरुंगाच्या तपासणीची खूण आणि आद्याक्षरे. अशी कार्डे संग्राहक आज शोधीत फिरतात. परंतु कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात, जेथे बादशहाचे छापील तिकीट होते तेथे, कात्रीने कापलेले चौकोनी भोक आहे. कापणारे आम्ही. साल १९६५ च्या सुमाराचे, वय नऊ. घरात कोणी रागावल्याचे आठवत नाही. उलट पोरगा शांत बसून काही करतो आहे ह्याचेच कौतुक झाले. कार्डावरचे छापील तिकीट कापल्याने त्याची किंमत उरत नाही हे तेव्हा कोणी सांगितले नाही. आणि कार्डाला दुसरी बाजू असते, तिच्यावर अक्षरे असतात, हे आमच्याही ध्यानात आले नाही. त्या भोकाची हकीकत पुढे येणार आहे.

आता कशाचा संग्रह करावा? 'जगातील तिकिटे' असा संकल्प सोडणाऱ्याचा संग्रह कधी पुरा होत नाही आणि पाहणाऱ्यास तो कंटाळवाणा होतो. विषय जितका अरुंद तितका खर्च कमी व गोडी अधिक. आपल्याच तालुक्यातील पोस्टकचेऱ्यांचे शिक्के हा एक विषय. कित्येक गावांची नावे इंग्रजी शिक्क्यांत तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात, पुढे देवनागरी आली, आणि काही गावे तर धरणांच्या पाण्याखाली जाऊन आता शिक्क्यांतच उरली आहेत. आमच्या एका स्नेह्यांनी केवळ कोयनेच्या खोऱ्यातील शिक्के जमविले आहेत. त्यांचा सगळा संग्रह एका वहीत मावतो, पण तो पाहताना आमचे चहाचे भान राहिले नाही.

ज्यांचे मूळ घराणे मराठवाड्यातले त्यांना निजामाच्या टपालाचा विषय सुचवावासा वाटतो. हैदराबाद संस्थानाने १८६९ पासून आपली स्वतंत्र तिकिटे काढली, आणि औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड ही सर्व त्या टपालाच्या अमलाखाली होती. मौज अशी की निजामाचे तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चाले. औरंगाबादच्या गृहस्थाने पैठणच्या मेव्हण्यास पत्र लिहिले तर निजामाचे तिकीट, आणि पुण्याच्या व्याह्यास लिहिले तर इंग्रजी पोस्टात जाऊन बादशहाचे तिकीट! एकाच घरच्या पत्रव्यवहारात ही दोन राज्ये शेजारी शेजारी बसलेली पाहावयास मिळतात. १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मनोरा आहे. चारमिनारचे एक आण्याचे तर अगदी सहज मिळते. सोलापूर, नगर ह्या बाजूच्या जुन्या कुटुंबांत हद्दीपलीकडील सोयरिकी पुष्कळ असत; तेथल्या ट्रंका आधी पाहाव्या.

भोरसारख्या चिमुकल्या संस्थानानेही १८७९ साली अर्ध्या व एक आण्याची लाल तिकिटे हाती ठशाने उठविली होती, आणि पुढे शंकरराव पंतसचिवांची प्रतिमा असलेले तिकीट काढले. पोर्तुगिजांच्या अमलाखालील गोव्याची तिकिटे १८७१ पासूनची. ज्यांची कुलदैवते त्या बाजूस आहेत अशा घरांत गोव्याहून आलेला एखादा लखोटा निघण्याचा संभव असतो.

परंतु सर्वांत स्वस्त आणि तरीही इतिहासाने भरलेला विषय कोणता असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही १९७१ चे नाव घेतो. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले, आणि त्यांच्या साहाय्यासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसविला. त्यासाठी नवे तिकीट तयार नव्हते. म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तांबड्या तिकिटावरच, आईबाप व दोन मुले असलेल्या त्या चित्रावरच, 'शरणार्थी सहायता' अशी अक्षरे छापली. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून माल सगळीकडे वेळेवर पोचेना, तेव्हा ठिकठिकाणच्या कचेऱ्यांनी आपापल्या ठशांनी तीच अक्षरे उठविली: कोठे इंग्रजीत, कोठे दोन्ही भाषांत, कोठे सरळ, कोठे तिरपी, कोठे उलटीसुद्धा. पुढे निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट निघाले आणि हा आकार मार्च १९७३ अखेर उठला. म्हणजे अवघ्या दीड वर्षाचा हा खेळ. त्या अवधीतील पाकीट मध्यमवर्गीयाच्या कोणत्याही घरी सापडेल. घरातील सुनेस माहेरहून आलेली पत्रे, विम्याच्या नोटिसा, शाळेच्या सूचना, सर्वांवर पाच पैशांची ती पुरवणी चिकटलेली असते. छापील अक्षरांची तिकिटे विपुल. गावठी ठशांची विरळ. आणि गावठी ठशाच्या सुट्या तिकिटावर विश्वास ठेवू नये, कारण रबरी ठसा कोणासही करता येतो. ते तिकीट खऱ्या पाकिटावर, जुळत्या तारखेच्या व जुळत्या गावच्या शिक्क्याने बद्ध झालेले असेल तरच घ्यावे. आमच्याकडे अशी तेवीस पाकिटे आहेत. त्यांपैकी एकोणीस नातलगांच्या घरून आली, आणि त्यांचा मोबदला म्हणून आम्ही फक्त त्यांच्या कागदांची झाडलोट करून दिली.

दुसऱ्या महायुद्धातील तपासलेली पाकिटेही अशीच. कड फाडून, पत्र वाचून, 'ओपन्ड बाय एक्झॅमिनर' अशी छापील पट्टी डकविलेली असते. पुष्कळ घरांत ती पट्टी कुरूप दिसते म्हणून सोलून काढलेली आम्ही पाहिली आहे. पहिल्या युद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजेसाठी तिकिटांवर 'आय. ई. एफ.' ही अक्षरे छापीत. मराठा पलटणीतील कोणी मेसोपोटेमियात गेले असेल तर त्याच्या घरी विचारणा करावी, परंतु ती जपून व सन्मानाने करावी.

पैसा थोडा असला की फसणे परवडत नाही. तरी आम्ही फसलो. गांधीजींचे दीड आण्याचे तिकीट लावलेले, १५ ऑगस्ट १९४८ च्या शिक्क्याचे एक पाकीट एका प्रदर्शनात साडेतीनशे रुपयांस आम्ही घेतले. विक्रेता गोडबोल्या, पाकीट पिवळे पडलेले, शिक्का झकास. दोन महिन्यांचे पैसे एकदम गेले तरी आनंद मावेना. घरी आल्यावर नातवाने पाकिटाची झडप उघडून आत डोकावले आणि विचारले, 'आजोबा, हा नंबर कसला?' झडपेच्या आतल्या बाजूस पाकीट करणाऱ्या कारखान्याचा पत्ता अगदी बारीक अक्षरांत छापलेला होता, आणि गावापुढे सहा आकडे होते. पिनकोड! डाक-तार खात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी सिद्ध केलेली ही पद्धत चालू झाली १५ ऑगस्ट १९७२ रोजी. म्हणजे आमचे पाकीट आपल्या जन्माच्या निदान चोवीस वर्षे आधीच टपालात पडले होते. चहाच्या पाण्याने पिवळेपणा आणता येतो हेही त्या दिवशी कळले. ते पाकीट आम्ही फेकले नाही. संग्रहाच्या पहिल्या पानावर लावले आहे. आल्यागेल्यास प्रथम तेच दाखवितो.

अशा खुणा पाठ असल्या म्हणजे भिंगाखेरीज दुसरे हत्यार लागत नाही. आण्यांचे दर १ एप्रिल १९५७ रोजी संपून नवे पैसे आले. 'नया' हा शब्द १ जून १९६४ पासून गळला. इनलँड पत्र २ ऑक्टोबर १९५० च्या आधी नव्हते. तिकीट उजेडासमोर धरले असता कागदात जे चिन्ह दिसते ते १८६५ पासून हत्तीच्या मस्तकाचे, १८८२ पासून तारकेचे. आणि १९२६ पासून तिकिटे नाशिकला छापू लागली तेव्हा त्याच तारका दाट विखुरलेल्या. एवढ्यावरून दहांतील सात लबाड्या पकडता येतात.

टपालखात्यात संग्राहकांसाठी निराळी खिडकी असते व किमान दोनशे रुपये भरून खाते उघडले की नवी तिकिटे घरपोच येतात. ज्यांस ती आवडतात त्यांनी घ्यावी. पहिल्या दिवशीची कोरी, पत्ता नसलेली सुबक पाकिटे मात्र आम्हांस मुंडावळ्या बांधून मांडवातच राहिलेल्या नवरदेवासारखी वाटतात. त्याऐवजी जे नुकतेच बंद झाले ते गोळा करावे. तारखाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. रजिस्टरची चिठ्ठी लावलेली पाकिटे आज प्रत्येक घरात पडली आहेत आणि कोणी त्यांकडे पाहत नाही. पाहण्याची हीच वेळ.

जपणुकीविषयी थोडक्यात. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि गोंद हे तिन्ही शत्रू होत. पाकीट कागदी कोपऱ्यांनी पानावर अडकवावे, टिपण लिहावयाचे ते पाकिटावर न लिहिता पानावर मऊ पेन्सिलीने लिहावे. तारेचा गंज खरवडू नये. कसर लागू नये म्हणून पावसाळ्यानंतर कपाट उघडून वारा द्यावा, ऊन देऊ नये.

आता आमच्या घरातील वादाकडे येतो, कारण हा प्रश्न इतर घरांतही उद्भवेल. पाकिटे जपावी ह्याला कोणाची हरकत नव्हती. आतल्या पत्रांचे काय? आमच्या धाकट्या आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. ट्रंका उघडल्याचे कळताच त्यांनी निरोप पाठविला, 'पाकिटे ठेव, पत्रे जाळ.' प्रथम आम्हांस हे रानटी वाटले. पुढे ध्यानात आले की ती पत्रे लिहिणाऱ्यांत बाया पुष्कळ होत्या, आणि त्यांनी ती एकाच वाचणाऱ्यासाठी लिहिली होती. सासरचे गाऱ्हाणे, हरवलेली बांगडी, न सांगण्यासारखी दुखणी. मृत्यूची वार्ता देणारे कार्ड तर वाचताच फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. चाळीस वर्षांच्या टपालात असे एकही कार्ड निघाले नाही. कोणते कागद राहू द्यावयाचे नाहीत ह्याविषयी त्या पिढीचे काही निश्चित मत होते, एवढे तरी ह्यावरून दिसते. बाजारात पत्रासकट पाकिटे विकली जातात व आतला मजकूर चटकदार असला की भाव चढतो. आमच्या मते हे अयोग्य आहे. अखेर तडजोड अशी झाली की पत्रे आत्यांनी स्वतः वाचावी, आणि ठेवण्यासारखी निवडून द्यावी. दोन महिने त्या रोज दुपारी वाचीत होत्या. सुमारे तिसरा हिस्सा त्यांनी बंबात घातला. आम्ही काही बोललो नाही.

त्या निवडीत येरवड्याचे कार्ड त्यांच्या हाती आले. मजकूर कॉपिंग पेन्सिलीने, बारीक. भोकामुळे वरच्या चार ओळींचे आरंभ गेले आहेत. तिसऱ्या ओळीत भोकाच्या कडेपासून पुढे असे आहे: '...हिची शाळा कोणत्याही कारणाने बंद करू नये. बाकी मी आल्यावर पाहू.'

हे वाक्य आमच्या घराण्यात फार प्रसिद्ध आहे. धाकट्या आत्या तेव्हा सहा वर्षांच्या, मराठी पहिलीत. पुढे त्या शिकल्या, बी. टी. झाल्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. आणि वडिलांनी तुरुंगातून माझ्या शाळेसाठी लिहिले होते असे त्या आम्हां मुलांस नेहमी सांगत. थोरल्या काकांनी कार्ड ओटीवर मोठ्याने वाचले तेव्हा आपले नाव ऐकल्याचे त्यांना स्मरते. परंतु आजोबांना मुली दोन होत्या. थोरल्या आत्या तेरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांचे नाव इंग्रजी तिसरीतून काढले ते ह्याच १९४३ साली, कार्डाच्या तारखेनंतर. सहा वर्षांच्या मुलीची शाळा बंद करण्याचा प्रश्न तेव्हा कोणी काढला असेल काय, असे आत्यांनीच आम्हांस विचारले. बराच वेळ त्या कार्ड उलटसुलट करीत बसल्या होत्या. थोरल्या आत्या वारून अकरा वर्षे झाली.

मग आम्ही आमची लहानपणची वही शोधून काढली. हिशेबाची जाड पुठ्ठ्याची वही. तिच्या पानांवर तिकिटे खळीने पक्की चिकटविलेली. नवव्या पानावर सहाव्या जॉर्जचा तो चौकोन आहे. नाव त्याच्या पाठीवर, खळीखाली. टपालतिकीट कागदापासून सोडवावयाचे तर पाणी किंवा ओलसर हवा लागते, आणि कॉपिंग पेन्सिलीचा रंग नेमका ओलीनेच पसरतो. चौकोनाच्या एका कडेने जांभळी छटा त्या वेळीच बाहेर आलेली दिसते. पान दिव्यासमोर धरून पाहिले. काळपट डागाखेरीज काही दिसत नाही. ओलसर टीपकागदांत दोन दिवस ठेवले तर खळ सुटेल, नाव राहीलच असे नाही, हे आम्ही आत्यांस सांगितले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. 'ताई असती तर तिला विचारले असते,' म्हणाल्या. 'राहू दे.'

वही आणि कार्ड आता आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. ओल लागू नये म्हणून शेजारी सिलिकाची पुडी ठेवतो, आणि ज्येष्ठ सरला की ती बदलतो.